कुलपाचे काम होणार नाही

मिस्त्री आमच्याकडे यायचे तेव्हा ते आल्याचं आधी बिल्डिंगच्या फाटकावरून कळायचं. एकदा उघडल्याचा आवाज, एकदा मिटल्याचा, आणि मग पुन्हा दोन्ही. दुसऱ्या खेपेला ते कान बिजागरीजवळ नेऊन उभे असायचे आणि वॉचमन स्टुलावरून त्यांच्याकडे बघत राहायचा. ते फाटक त्यांच्या हातचं नव्हतं, त्यामुळे त्याचं आणि त्यांचं कधी पटलं नाही. "करकरतंय अजून," असं म्हणतच ते घरात शिरायचे. बाकी नमस्कार-चमत्कार त्यानंतर.

भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या एका गल्लीत, त्यांची पत्र्याची शेड होती. आम्ही गिरगावातली चाळीतली खोली सोडून इकडे राहायला आलो ते नव्वद साल उजाडायच्या थोडं आधी. तेव्हा भाईंदरात जिकडे बघावं तिकडे बिल्डिंग उठत होती आणि प्रत्येक बिल्डिंगला एक तरी फाटक लागत होतं. दुसरा कुणी असता तर चार वर्षांत गाडी घेऊन फिरला असता. मिस्त्री शेवटपर्यंत सायकलवरच फिरले. त्याला कारण त्यांचा स्वभाव.

शेडवर पेंटरकडून रंगवून घेतलेली पाटी होती: गेट, ग्रिल, शटर. तिच्याखाली मिस्त्रींनी स्वतः पांढऱ्या ऑइलपेंटनं वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'कुलपाचे काम होणार नाही'. गिऱ्हाईकांना वाटायचं, हा माणूस कुलपं दुरुस्त करत नसेल. मलाही तसंच वाटलं होतं.

गिऱ्हाईक आलं की मिस्त्री विचारायचे, फाटक कशाला पाहिजे. आता फाटक कशाला पाहिजे हा काय प्रश्न झाला? पण लोक बिचारे उत्तर द्यायचे. चोर येतात, कुत्री शिरतात, फेरीवाले दुपारची झोप मोडतात. मिस्त्री सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हे झालं कोण नको ते. आता कोण पाहिजे ते सांगा." मग दूधवाला, गॅसचा सिलिंडर, पाण्याचा टँकर, सुनेच्या माहेरहून येणारं कपाट, अशी यादी व्हायची. त्या यादीवरून ते फाटकाची रुंदी ठरवायचे. टेप नंतर लावायचे.

एका बिल्डरला फाटकावर कमान पाहिजे होती, वर प्लॅस्टरचे दोन सिंह. मिस्त्रींनी विचारलं, टँकरची उंची किती? बिल्डर म्हणाला, टँकरचं माझ्याकडे कशाला, तुम्ही कमानीचं बघा. मिस्त्रींनी ते काम सोडून दिलं. कमान दुसऱ्यानं उभी केली. भाईंदरात तेव्हा पाण्याची काय दैना होती ते त्या वेळी राहिलेल्यांनाच ठाऊक. पुढच्या एप्रिलात टँकर रस्त्यावरच थांबायला लागला आणि त्या सोसायटीतल्या बायका सिंहांच्या खालून हंडे-कळशा वाहायला लागल्या. मिस्त्री मुद्दाम सायकलवरून तिथे गेले, बांबू धरून कमानीची उंची मोजली, मग टँकरची मोजली, आणि परत आले. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना चेहरा अगदी साधुसंतासारखा ठेवला होता.

टोकदार भाल्यांचं फाटक ते बनवायचेच नाहीत. एका गुजराती व्यापाऱ्यानं हट्टच धरला तेव्हा त्यांनी त्याला समजावलं, "सेठ, चोर दिन में घंटी बजाके आता है. भाले पे तो आपका पोता चढेगा, बॉल लेने को." आणि भाल्यांच्या जागी लोखंडी गोळे बसवून दिले. शेठनं नाक मुरडलं, पण ठेवले. सरकत्या चॅनल गेटला ते बाजाची पेटी म्हणायचे. शटरवर त्यांचा जातिवंत राग होता, कारण अर्धवट उघड्या शटरखालून माणसाला वाकून जावं लागतं. सगळ्यात लाडका दिंडी दरवाजा. कारखान्याच्या मोठ्या फाटकात माणसापुरतं छोटं दार ठेवायला मिळालं की स्वारी आठवडाभर खुशीत असायची.

"बंद ठेवायचं असेल तर भिंत बांधा," ते म्हणायचे. "फाटक उघडायला बनवतात."

रस्त्यानं जाताना उघडं टाकलेलं फाटक दिसलं की ते मिटायचे, आणि कुरकुरणारं दिसलं की पिशवीतून तेलाची कुपी काढून बिजागरीला तेल घालायचे. कुणी सांगितलेलं नसायचं. एकदा भरदुपारी एका अनोळखी सोसायटीच्या फाटकाशी हा उद्योग चालू असताना वॉचमननं त्यांना धरलं. त्याचंही बरोबर होतं. रात्री आवाज होऊ नये म्हणून चोरही आधी बिजागरीलाच तेल घालून ठेवतात. त्यांना सेक्रेटरीपुढे उभं केलं. तिथे गयावया करायची सोडून मिस्त्रींनी सेक्रेटरीलाच झापलं, की तीन महिने हे फाटक रडतंय, तुम्हाला ऐकू येत नाही का? सेक्रेटरी इतका ओशाळला की पुढची दहा वर्षं त्या सोसायटीची सगळी कामं मिस्त्रींकडेच गेली.

सुट्टीच्या दिवशी माणसं नातेवाइकांकडे जातात, हे मोरव्याच्या बाजूला खाडीच्या बांधावर जाऊन बसायचे. तिथे बांधाला एक उघाडी होती. उघाडी म्हणजे लाकडी झडप. भरतीचं पाणी चढलं की त्याच्या रेट्यानं ती मिटते, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्यानं आपली आपण उघडते. एकदा त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला ती दाखवायला नेलं. आम्ही तासभर उन्हात बसलो. तिथला एक म्हातारा जाळं आवरता आवरता आम्हाला म्हणाला, "यो मिस्त्री येडा हाय. मासं न्हाय धरत, नुसती झाप बघत बसतंय." मिस्त्रींना त्याचं काहीच वाटलं नाही. कुलूप नाही, वॉचमन नाही, तरी नको ते आत येत नाही आणि कोंडून काही राहत नाही, असं काहीतरी ते झडपेकडे बघत बोलले. मी तेव्हा जांभई दाबत होते, हे कबूल करते.

आता माझी त्यांच्याशी ओळख कशी झाली ते सांगते. ती भांडणातून झाली.

आमचं घर तळमजल्यावर, रस्त्याला लागून; बिल्डिंगचं मोठं फाटक आणि वॉचमन खूप नंतर आले. पुढे चार पावलांचं अंगण, त्याला कमरेएवढी भिंत, आणि भिंतीत फाटकासाठी सोडलेली मोकळी जागा. फाटक बिल्डर देणार होता. तो आजही देणारच आहे. घरात आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई मूळच्या दापोलीकडच्या, लग्न होऊन गिरगावात आल्या आणि पंचेचाळीस वर्षं तिथे राहिल्या. भाईंदरला आल्यावर वर्षभरात त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस बंद करायला विसरायच्या, मग जेवलो की नाही ते, मग मुलाचं नाव. एक गोष्ट मात्र रोज आठवायची. रोज अकराच्या सुमाराला त्या पदर सावरून उठायच्या आणि "जाऊन येते गं गिरगावात" म्हणून निघायच्या.

पहिल्यांदा केबिन रोडवरच्या भाजीवाल्यानं त्यांना परत आणून सोडलं. दुसऱ्यांदा मात्र चार तास सापडल्या नाहीत. शेवटी मिठागराच्या बांधावर दिसल्या, पायात चप्पल नाही, दोन्ही बाजूंना पाणी, आणि चालल्या होत्या अगदी ठामपणे. नवऱ्यानं त्यांना उचलूनच आणलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता जेवलो.

मी पश्चिमेच्या एका शाळेच्या ऑफिसात कामाला होते. सकाळी साडेसातला घर सोडायचं, रेल्वेचा पूल ओलांडून जायचं, दोनला परत. नवरा माझ्याही आधी चर्चगेटला निघालेला. नवरा म्हणाला, तू नोकरी सोड. मी म्हटलं, तू सोड. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं हे खरंच, पण त्याहून खरं म्हणजे मला ती सोडायची नव्हती. तेवढे साडेसहा तास मी माझी असायचे. मग एकच उपाय उरला. अंगणाला उंच जाळीचं फाटक आणि त्याला भक्कम कुलूप.

मी मिस्त्रींच्या शेडवर गेले. त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला, कोण यायला पाहिजे? मी म्हटलं, येण्याचं सोडा, आतलं माणूस बाहेर जाता कामा नये. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. कोण माणूस, ते विचारलं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नाय होणार वहिनी. पाटी वाचली नाय का?"

मी खूप बोलले. हौस म्हणून मागत नाही म्हणाले, तुमच्या घरी असं कुणी असतं तर कळलं असतं म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच सांगितलं, की एकदा एका घरी असं फाटक बनवून दिलं होतं, तिथल्या मालकाच्या डोक्यानं अधू असलेल्या भावासाठी. महिन्यानं रंगाचा दुसरा हात द्यायला गेले तर तो आतून गज धरून उभा होता आणि यांना म्हणाला, दादा, चावी तुमच्याकडे आहे का? तेव्हापासून ती पाटी. मी रागातच होते. म्हटलं, मग माझ्या सासूबाई खाडीत गेल्या तर तुम्ही बघायला या. असं बोलून तिथून निघाले.

वाटेत दुकानातून कडी-कोयंडा आणि कुलूप घेतलं. सुतारानं संध्याकाळी दाराला बाहेरून बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना न्याहारी दिली, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला, आणि दाराला कुलूप लावून मी कामावर गेले. पूल चढताना मला हलकं वाटत होतं, ते मी विसरलेले नाही.

दोनला परत आले तर वरच्या मजल्यावरच्या बेन जिन्यात बसलेल्या. त्यांचे डोळे लाल होते. म्हणाल्या, "भाभी, बा अंदरसे दरवाजा ठोकत होत्या. बोलत होत्या, कोणी आहे का घरात, मी आलेय, दार उघडा. मी बोलली, बा, तुम्ही तर घरातच छो. पण त्या ऐकत नव्हत्या."

मी कुलूप काढलं. सासूबाई दाराशी जमिनीवर बसल्या होत्या. लुगडं ओलं झालेलं. मला बघून त्यांनी अपराध्यासारखं हसल्यासारखं केलं आणि विचारलं, "कुणाकडे आलेय हो मी? दार उघडलंत, फार बरं केलंत."

मी त्यांना अंघोळ घातली, आणि अंघोळ घालताना रडले. त्या मला, रडू नको बाळ, म्हणत होत्या. मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी पुन्हा शेडवर गेले. काय झालं ते सांगितलं. मिस्त्री 'सांगितलं होतं ना' वगैरे काही बोलले नाहीत. रविवारी येतो म्हणाले. शाळेत मी आठवडाभर आजारपणाची रजा टाकली.

रविवारी आले ते टेप न काढता सासूबाईंच्या शेजारी ओट्यावर बसले. स्वतः रत्नागिरीचे, त्यामुळे गप्पा गावाकडच्याच. विहीर, आंबे, गुरं. सासूबाई हं-हं करत होत्या, लक्ष नव्हतं. मग मिस्त्रींनी विचारलं, "आई, तुमच्या गावच्या घराला फाटक कसलं होतं?"

"फाटक कसलं? बेडं," सासूबाई म्हणाल्या. इतक्या स्वच्छ आवाजात, की मी स्वयंपाकघरातून बाहेर आले.

कोकणात घराच्या आवाराला दोन खांब असतात, त्यांना भोकं, आणि भोकांतून आडवे सरकवलेले बांबू. तेच बेडं. जाणाऱ्यानं बांबू सरकवायचे, बाहेर पडायचं, आणि मागे वळून पुन्हा लावायचे. सासूबाई हातांनी दाखवायला लागल्या. काढताना वरचा आधी. लावताना खालचा आधी, नाहीतर तेवढ्यात वासरू घुसतं. एकदा त्यांच्या हातून बेडं उघडं राहिलं, गुरांनी सगळा मळा खाल्ला, आणि वडील दोन दिवस बोलले नव्हते. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पंचावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलाचं नाव आठवत नव्हतं त्या बाईला. मिस्त्री त्यांच्या हातांकडे बघत होते.

बुधवारी त्यांनी फाटक आणून बसवलं. भिंतीच्या दोन बाजूंना दोन लोखंडी खांब, आणि मध्ये तीन आडवे पाइप. एवढंच. पाइप सरकवायच्या मुठी आतल्या बाजूला. शेंबडं पोरही काढू शकेल असं ते प्रकरण बघून माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, अहो, ह्यानं त्या थांबणार कशा?

"थांबवायला नाय बनवलं," मिस्त्री म्हणाले. "पाइप काढला की आवाज होईल, तीनदा. वरच्या बेनना सांगून ठेवा, ऐकू आला की खिडकीत यायचं. बाकीचं आईंना येतं."

बाकीचं म्हणजे काय, ते काही सांगेनात. उद्या अकराला घरातच थांबा, पण पुढे होऊ नका, एवढं बजावून गेले.

मिस्त्रींबद्दल पुढचं थोडं आत्ताच सांगून टाकते, नंतर सांगायला मन होणार नाही. पुढे केबिन रोडवर रेडिमेड फाटकांची मोठी दुकानं झाली आणि त्यांनी शेड विकली. शेवटी चेण्याला एका शेतावर राहायचे. तिथल्या कुंपणाच्या फाटकाखाली त्यांनी मुंगसासाठी वीतभर फट ठेवली होती, ती मी बघून आलेय. गेले ते झोपेतच. सासूबाई त्यांच्या आधी गेल्या, हे फाटक लागल्यावर चार वर्षांनी, स्वतःच्या पलंगावर, उशाशी मी आणि नवरा असताना. त्या चार वर्षांत आमच्या दाराला दिवसाचं कुलूप लागलं नाही.

तर तो गुरुवार. अकराला सासूबाईंनी पदर सावरला. "जाऊन येते गं गिरगावात." मी बरं म्हटलं आणि दाराच्या आड उभी राहिले. त्या अंगणात गेल्या, पाइपांपुढे थांबल्या, आणि वरचा सरकवला. मग मधला, मग खालचा. तिन्ही वेळा खणकन आवाज झाला. वर बेनची खिडकी उघडली. सासूबाई बाहेर पडल्या. एक पाऊल, दोन, तीन. मी उंबऱ्याबाहेर पाय टाकलाच होता, तेवढ्यात रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीशी मिस्त्री दिसले. सकाळपासून काम टाकून तिथे उभे होते म्हणे. त्यांनी मला हातानं थांब अशी खूण केली.

चौथ्या पावलाला सासूबाई थांबल्या. त्यांनी मागे वळून बघितलं. उघड्या बेड्याकडे बघितल्यावर चेहऱ्यावर एकदम घाई आली, आणि त्या लगबगीनं परत फिरल्या. मुठी आतल्या बाजूला, म्हणून आत आल्या. खालचा पाइप लावला, मधला लावला, वरचा लावला. तिन्ही हलवून नीट बसलेत की नाहीत ते पाहिलं. हात झटकले. मग दोन क्षण तिथेच उभ्या राहिल्या, समोर घर, आणि घराच्या दारात मी.

रस्त्यापलीकडे मिस्त्री टपरीच्या बाकावर मटकन बसले. नंतर म्हणाले, वहिनी, आई परत फिरतील याची काय गॅरंटी होती?

सासूबाई ओट्याची पायरी चढल्या. मी विचारलं, "जाऊन आलात?"

"आले गं," त्या म्हणाल्या, आणि दमल्यासारख्या माझ्या खांद्याला धरून बसल्या. "सगळे बरे आहेत तिकडे. तू काळजी करू नकोस."

शुक्रवारी मी कामावर गेले.